३८४० विरुद्ध २५६०: नुसते कोअर मोजून लॅपटॉप घेऊ नका

घाटाखालचा (कुडाळ)
परवा 'वेशीवरचा' यांनी लॅपटॉपमधल्या एनव्हिडियाच्या दोन ग्राफिक्स कार्डांबद्दल, जुनं ३०६० आणि नवं ४०५०, लिहिलं: "आरटीएक्स ४०५० म्हणजे नव्या नावाखाली कमी माल. २५६० कोअर, ९६ बिटची बस. त्याच पैशात वापरलेला ३०६० चा लॅपटॉप घ्या, ३८४० कोअर आणि १९२ बिट मिळेल." हे वाचून कॉलेजची दोन पोरं माझ्याकडे आली, जुना लॅपटॉप बघून द्या म्हणून. म्हणून सविस्तर लिहितो.

कोअर, म्हणजे कार्डातले हिशेब करणारे छोटे भाग, एकटे काम करत नाहीत, ते किती वेगाने फिरतात हेही बघायला हवं. लॅपटॉपमधला ३०६० जास्तीत जास्त १७०३ मेगाहर्ट्झला बूस्ट होतो, ४०५० जातो २३७० पर्यंत. गुणाकार करून बघा. कोअरमधला ५० टक्क्यांचा फरक ८ टक्क्यांच्या आत येतो. ३०६० सॅमसंगच्या ८ नॅनोमीटर प्रक्रियेवर बनलेला, ४०५० टीएसएमसीच्या नव्या ४एन प्रक्रियेवर, त्यामुळे तेवढ्याच विजेत नवा जास्त पळतो. बस, म्हणजे चिप आणि मेमरीमधला रस्ता, अरुंद आहे हे खरं, पण एल-२ कॅश, म्हणजे चिपमधलीच झटपट मेमरी, ३ एमबीवरून १२ एमबी झाली आहे. जो डेटा कॅशमध्येच सापडतो त्यासाठी मेमरीपर्यंत जावंच लागत नाही. ही जमेची बाजू तुमच्या पोस्टमध्ये एका ओळीचीही नव्हती.

वेशीवरचा (चिपळूण)
गुणाकार मलाही येतो. २३७० चा आकडा कुठल्या लॅपटॉपचा? ११५ वॅट मिळणाऱ्या. ४०५० ला लॅपटॉपची कंपनी ३५ पासून ११५ वॅटपर्यंत कितीही वीज देऊ शकते आणि खोक्यावर नाव तेच राहतं. मी गेल्या वर्षी घाटावर जाऊन नवा ४०५० आणला, पातळ, दिसायला सुंदर. घरी येऊन बघतो तर ४५ वॅट. दुकानदाराला विचारलं, तर म्हणे "कार्ड तेच आहे ना!" ४०५० चे हप्ते भरून खालच्या कार्डाची गती घेतली मी. आणि कॅशचं कौतुक १०८०पी पर्यंत ठीक. बाहेरचा, त्याहून बारीक चित्राचा १४४०पी मॉनिटर लावा, मग ३०६० च्या मेमरीचा ३३६ जीबी प्रति सेकंद वेग आणि ४०५० चा १९२ जीबी प्रति सेकंद यातला फरक लपत नाही.

घाटाखालचा
मग तुमचं भांडण वॅटशी आहे. ३०६० सुद्धा ६० ते ११५ वॅटमध्ये येतो. जुन्या बाजारात ६० चा गळ्यात पडला तर? तुमच्या पोस्टमध्ये वॅट हा शब्द एकदाही नाही. स्वतः ज्यात फसलात तेच पोरांना सांगायचं राहिलं.

वेशीवरचा
राहिलं. तेवढं मान्य. ९६ बिटचं समर्थन मात्र करणार नाही.

दांडीवरची (मालवण)
तुमचे बिट आणि वॅट राहूदे बाजूला. वापरलेला लॅपटॉप, तोही किनाऱ्यावरचा, घ्या म्हणून सांगताच कसं? माझं घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. लग्नाचे आणि ड्रोनचे व्हिडिओ एडिट करते. दुसऱ्या पावसाळ्यात मशीन बंद पडली. वॉरंटी होती. फोंडा घाट चढून कोल्हापूरला नेली, तीन आठवड्यांनी उत्तर आलं: आत पाणी गेलंय, वॉरंटी लागू नाही. पाण्याचा थेंब पडला नव्हता! खाऱ्या हवेने बोर्डावर हिरवट बुरशीसारखं चढलं होतं. सीझनचे पैसे त्यात गेले. माका कोणी कोअर सांगू नये.

खाडीपलीकडे (रत्नागिरी)
सहानुभूती आहे, पण सगळं खापर हवेवर नको. मी किनाऱ्यापासून चार किलोमीटरवर, २०२१ पासून एकच ३०६० चा लॅपटॉप रोज आठ तास ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरवर चालवतो. रोज चालणारी मशीन गरम राहते, दमट हवा आत टिकत नाही. महिनाभर कपाटात बंद ठेवलेली कुजते.

दांडीवरची
चार किलोमीटर आणि शंभर पावलं यात फरक नाही? आणि चालू मशीनचा पंखाच ती हवा आत ओढतो. मीठ उष्णता काढणाऱ्या हिटसिंकच्या पात्यांवर बसतं, त्यावर धूळ चिकटते. तुम्ही रत्नागिरीत एसीत बसून लिहिताय, आमच्याकडे जूनमध्ये लाईट गेली की दुसऱ्या दिवशी येते. बॅटरीवर तुमचा ११५ वॅटचा कार्ड किती देतो ते सांगा.

खाडीपलीकडे
एसी नाही माझ्याकडे. अंदाजाने बोलू नका. बॅटरीवर कुठलंच कार्ड पूर्ण ताकद देत नाही, हे बरोबर. रात्री झाकून, पिशवीत सिलिका जेलची पाकिटं घालून ठेवतो, वर्षाला एकदा उघडून साफ करून चिपवरची उष्णता वाहणारी पेस्ट बदलतो. एवढं तुम्ही केलं होतं का?

दांडीवरची
नव्हतं केलं. वॉरंटीतली मशीन उघडायची नाही असं त्यांनीच सांगितलं होतं! हा दोष माझा कसा?

खाडीपलीकडे
बरं, तुमचा नाही. ते मागे घेतो.

घाटाखालचा
गजालीन घो खाल्लो असं होतंय, गप्पांत मूळ काम राहिलं. प्रश्न कार्डाचा होता.

दांडीवरची
हाच प्रश्न आहे! सर्व्हिस सेंटर घाटापलीकडे असताना वॉरंटीशिवायचा जुना डबा घ्यायचा की नाही, हे बसच्या बिटांपेक्षा आधी ठरतं. आणि माझ्या कामापुरतं सांगते, ४०५० मध्ये एव्ही१ एन्कोडर, म्हणजे व्हिडिओ लहान फाईलमध्ये बसवणारा भाग, आहे, ३०६० मध्ये नाही, तो एव्ही१ नुसता वाचतो. आमचं नेट कसं आहे ते माहीत आहे ना? लहान फाईल अपलोड करायला रात्र पुरते, मोठीला पुरत नाही.

वेशीवरचा
हे मी धरलं नव्हतं. एक गोष्ट माझ्याकडून ऐका. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी आमच्या माळ्याच्या पायरीपर्यंत आलं. खाली ठेवलेला डेस्कटॉप चिखलात गेला. त्यानंतरच्या महिन्यांत वाळवून पुसलेल्या मशीन स्वस्तात विकायला निघालेल्या मी डोळ्यांनी पाहिल्यात. मी स्वतः जुना घेतला तो खालचं झाकण उघडून, स्क्रूच्या खाचेत गंज आहे का बघून. हे पोस्टमध्ये लिहायला हवं होतं, लिहिलं नाही. पोरांनी नुसतं "जुना घ्या" वाचलं.

तरी सांगतो, ब्लेंडर आणि १४४०पी साठी पूर्ण वॅटचा, स्वच्छ ३०६० मिळाला तर मी आजही तोच घेईन.

खाडीपलीकडे
ब्लेंडरसाठी मीही आधी मेमरी बघेन. दोन्हीत ६ जीबीच आहे, सीन त्यात मावला नाही की दोन्ही सारखेच अडतात. चार पैसे जास्त असतील तर ४०६० घ्या, ८ जीबी आणि १२८ बिट. इथे दोघं ज्यावरून भांडताय त्यापेक्षा मला रोज हीच अडचण येते.

घाटाखालचा
पैसे असते तर पोरं माझ्याकडे आली नसती. त्यांना १०८०पी वर खेळायचं आहे आणि कोडिंग शिकायचं आहे. त्यांना मी नवा ४०५० सांगणार, पण दुकानात पैसे देण्याआधी एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये सिस्टिम इन्फर्मेशन उघडून मॅक्झिमम ग्राफिक्स पॉवरचा आकडा वाचायला लावणार. ९५ च्या खाली असेल तर परत यायचं, डेमो पीस देत नसतील तरी परत यायचं.

वेशीवरचा
९५ नको, १०० धरा. आणि सोबतचा चार्जर किती वॅटचा आहे तेही बघा, माझ्यासोबत १२० चा आला होता, तेव्हाच शंका यायला हवी होती. शनिवारी कुडाळला येतोय. पोरं जाणार असतील तर मीही येतो दुकानात.