पीआर घेऊन कॅनडाला जाताना पैसे कसे नेलेत? अनुभव सांगा

मंडळी, पीआर (तिकडे कायम राहायची परवानगी) झाली, तिकिटं निघाली, नवरा, मी आणि दोन पोरं. सामानाच्या याद्या कधीच झाल्यात पण पैसे कसे न्यायचे यावर घरात रोज रात्री जुंपते. नवरा म्हणतो तिकडे पोचल्यावर बघू, सासरे म्हणतात सरळ ड्राफ्ट काढा, आणि बँकेतला माणूस नुसता टीसीएस टीसीएस (बाहेर पैसे पाठवताना बँक आगाऊ घेते तो कर) करतोय. एक्स्प्रेस एंट्रीला, म्हणजे पीआरच्या अर्जात, चौघांचे २७,२९७ कॅनेडियन डॉलर दाखवले होते (२०२४ चा आकडा), ते आणि वर थोडे असं सगळं न्यायचंय. तुम्ही प्रत्यक्षात काय केलंत ते लिहा ना. नियम वाचून वाचून डोळे गेलेत, ते नकोत. फजिती झाली असेल तर आधी ती लिहा.

* * *

सासऱ्यांना नमस्कार सांगा आणि ड्राफ्ट काढू नका :)

मी १८ हजार कॅनेडियन डॉलरचा ड्राफ्ट आणि थोड्या नोटा घेऊन गेलेलो. नोटा इथून माणशी ३,००० अमेरिकन डॉलरपर्यंतच नेता येतात म्हणून बाकीचा ड्राफ्ट. मला वाटलं होतं ड्राफ्ट म्हणजे काय, कागद, तो कुठे सांगायचा. विमानात शेजारच्या काकांनी विचारलं म्हणून बरं, ते म्हणाले अरे ड्राफ्टपण धरतात, सगळं मिळून १० हजार कॅनेडियन किंवा जास्त असेल तर सांगावंच लागतं. उतरल्यावर सांगितलं, बाजूच्या काउंटरला पाठवलं, ई६७७ नावाचा फॉर्म भरला, पैसे कुठून आले विचारलं, मी बँक स्टेटमेंट पुढे केलं, बाईंनी नोटा दोनदा मोजल्या आणि वेलकम म्हणाल्या. पंधरा-वीस मिनिटं. एक पैसा टॅक्स नाही. पैसे आणल्याबद्दल काही लागत नाहीच, न सांगता आणले आणि सापडले तर मात्र जप्त करू शकतात.

खरी गंमत पुढे. दुसऱ्या दिवशी बँकेत ड्राफ्ट भरला तर त्यावर होल्ड, म्हणजे बँकेने पैसे अडवून ठेवले. ॲपमध्ये १८ हजार दिसायचे आणि खाली बारीक अक्षरात वापरता येणारी शिल्लक शून्य! जवळपास चार आठवडे. घरमालकाला पहिल्या आणि शेवटच्या महिन्याचं भाडं एकदम द्यायचं होतं, ते मित्राकडून उसने घेऊन दिले. खिशात लाखो रुपयांची पावती आणि मी मित्राच्या सोफ्यावर.

* * *

ड्राफ्टबद्दल +१. आम्ही वायर केलं, म्हणजे बँकेतून थेट बँकेत पाठवले, आधी इथूनच तिकडच्या बँकेत न्यूकमर (नव्याने येणाऱ्यांचं) खातं उघडून ठेवलेलं.

टीसीएसचं सांगतो कारण त्यात मी पोळलोय. फेब्रुवारी २०२४ मध्ये एका फटक्यात २५ लाख पाठवले. तेव्हा वर्षाला ७ लाखांच्या वर २० टक्के होता, म्हणजे १८ लाखांवर ३ लाख ६० हजार वेगळे भरले. जातात कुठे नाही, २६एएसमध्ये (आपल्या नावावर भरलेल्या कराचं पत्रक) दिसतात, रिटर्न भरलं की परत मिळतात, पण मी भारतातली नोकरी सोडलेली, हातात नेमके पैसे, आणि हे अडकले ते पुढच्या हिवाळ्यापर्यंत. माझ्या मेव्हण्याने हेच डोकं लावून केलं, अर्धे मार्चमध्ये अर्धे एप्रिलमध्ये, त्यातही नवरा-बायकोच्या वेगळ्या पॅनवर आपापल्या खात्यातून. मर्यादा प्रत्येक पॅनला, दर आर्थिक वर्षाला वेगळी असते. एप्रिल २०२५ पासून ती १० लाख झालीये म्हणजे तुम्हा दोघांना अजून सोपं. बँकेतल्या माणसाने मला हे सांगितलं नव्हतं आणि मी पण विचारलं नाही.

* * *

नाव जुळवा हो नाव!! माझ्या भारतातल्या खात्यावर नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव असं तिन्ही आणि तिकडचं खातं उघडताना मधलं नाव गाळलं, दोनच शब्द. पैसे इथून गेले, तिकडे पोचेनात. नऊ दिवस. इकडची बँक म्हणे आम्ही पाठवले, तिकडची म्हणे आमच्याकडे असं कोणी नाही. रोज रात्री अडीचला उठून फोन. शेवटी पासपोर्टची स्कॅन पाठवली तेव्हा जमा झाले, तेही मधल्या कुठल्यातरी बँकेने २५ डॉलर कापून. तेव्हापासून आधी १०० डॉलर पाठवून बघते, ते पोचले की मग बाकीचे.

* * *

आमचं थोडं वेगळं. प्रूफ ऑफ फंड्ससाठी (अर्जात खात्यात पुरेसे पैसे दाखवायचे असतात ते) कमी पडत होते म्हणून आईने एफडी मोडली आणि माझ्या खात्यात टाकले. बँकेच्या पत्रात सहा महिन्यांची सरासरी शिल्लक लागते, त्यात एकदम आठ लाखांची उडी दिसली की विचारणारच. म्हणून आईकडून गिफ्ट डीड (बक्षीसपत्र) करून घेतलं, त्यात परत करायचे नाहीत असं स्पष्ट लिहिलं. सही करताना आई म्हणाली, "स्वतःच्या मुलाला पैसे दिले हे पण स्टॅम्पपेपरवर लिहून द्यायचं का आता?" काय उत्तर देणार.

* * *

सगळे आधीचं बोलताय, मी नंतरचं सांगतो. फ्लॅट विकून मग जायचं होतं, गिऱ्हाईक मिळेना, तसेच गेलो. दोन वर्षांनी विकला तेव्हा मी एनआरआय, म्हणजे एलआरएसचे (बाहेर पैसे पाठवायची रिझर्व्ह बँकेची योजना) वर्षाला अडीच लाख अमेरिकन डॉलर आपल्याला लागू नाहीत, ते रहिवाशांसाठी. पैसे एनआरओ खात्यात (एनआरआयचं भारतातलं रुपयातलं खातं) आणि तिथून वर्षाला दहा लाख अमेरिकन डॉलरपर्यंत नेता येतात पण १५सीए, १५सीबी हे कराचे फॉर्म, सीएची फी, गिऱ्हाइकाने विक्रीवर कापलेला टीडीएस... सीए माणूस चांगला होता म्हणून निभावलं. एक गोष्ट मात्र कोणी सांगत नाही. कॅनडा तुमचा नफा मोजताना तुम्ही तिथले रहिवासी झालात त्या दिवशीची किंमत धरतं, मूळ खरेदीची नाही. मी जायच्या आधी व्हॅल्युएशन करून घेतलं नव्हतं, मग जुन्या तारखेचं करून घेताना नाकी नऊ आले. फ्लॅट, शेअर, काहीही मागे ठेवून जाणार असाल तर आत्ताच कागद करून ठेवा.

* * *

वाचतेय सगळं, नवऱ्याला पण वाचायला लावलंय, मधलं नाव ऐकून तो आत्ताच पासपोर्ट काढून बसलाय. आणि दागिने? माझे आणि सासूबाईंनी दिलेले मिळून बरेच आहेत.

* * *

दागिन्यांची यादी, एकेकाचा फोटो आणि सोनाराकडून किमतीचा कागद. जे मागाहून आणणार तेसुद्धा पहिल्याच दिवशी मागाहून येणाऱ्या सामानाच्या यादीत लिहायचे, नंतर आठवलं म्हणून चालत नाही. मी पाटल्या लिहायला विसरले, त्या अजून आईच्या लॉकरमध्येच आहेत.