आबांना दिंडोरीकडच्या छोट्या वाइनरीत न्यायचंय, काय दाखवू, काय विचारू?

तासगावची_लेक

नमस्कार मंडळी. मी मूळची तासगाव तालुक्यातली, लग्न होऊन नाशिकला आले त्याला बारा वर्षं झाली. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात आई-आबा माझ्याकडे येतायत. आबांनी चाळीस वर्षं द्राक्षबाग केली. तास-ए-गणेश हे वाण आमच्याच भागातलं, त्यामुळे घरात त्याचा मान वेगळा. थोडा माल बाजारात, बाकी सगळा बेदाण्याला. आता बाग भाऊ बघतो, पण छाटणीला आबा अजून रानात उभे असतात.

परवा फोनवर म्हणाले, "तुमच्याकडं त्या वाइनच्या द्राक्षाची बाग असती म्हणं. एकदा दाखीव की." त्यांनी आयुष्यात दारूला हात लावलेला नाही, आणि हे त्यांनी स्वतःहून मागितलं, म्हणून मला ते नीट करायचंय.

मी दोन वर्षांपूर्वी ऑफिसच्या लोकांबरोबर एका ठिकाणी गेले होते. शनिवार होता. स्पीकरवर गाणी, पन्नास-साठ माणसं, अर्ध्या तासात पाच ग्लास पुढे सरकवले. पांढरी वाइन कोमट होती. वेल दिसले ते काचेतून. आबांना मी तिथे नेणार नाही. दिंडोरीकडे एका कुटुंबाची छोटी वाइनरी आहे, बाग लागूनच आहे. फोन केला तर "सकाळी या, निवांत दाखवतो" म्हणाले.

आता मला हे कळत नाही की न पिणाऱ्या माणसाला चाखायला बसवायचं कसं. घोट तोंडात घेऊन थुंकला तर वाइनरीवाल्यांना वाईट वाटेल का? आई तर माळकरी आहे, ती ग्लासाला तोंडही लावणार नाही. तिला तिथे बसून राहायला लागू नये. आणि बागायतदाराने बघावं असं तिथे नेमकं काय असतं? जाणकारांनी सांगा.

टाकीशेजारी

ताई, मी निफाड तालुक्यातला, अकरा वर्षं वाइनरीत टाक्यांवर काम करतोय. तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं, कारण आमच्याकडे येणाऱ्या शंभर माणसांत बाग बघायची म्हणणारं एखादंच असतं.

वेळ तुम्ही अगदी बरोबर धरलीय. जानेवारीच्या शेवटी सॉव्हिन्यो ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ या पांढऱ्या वाइनच्या द्राक्षांची तोडणी सुरू असते. माल पहाटेच्या गारव्यात तोडून सकाळी क्रेटमधून येतो. नऊच्या आत पोचलात तर क्रशिंग, म्हणजे द्राक्षं चिरडणं, चालू सापडेल. फक्त 26 जानेवारी टाळा, त्या दिवशी ड्राय डे असतो. जाताना एवढं सांगून ठेवा की आधी बाग, मग टाक्या आणि चाखणं सगळ्यात शेवटी.

बागेत आबांना पहिला धक्का बसेल तो घड बघून. खायच्या द्राक्षाला आपण विरळणी करतो, जीए या संजीवकात घड बुडवतो (डिपिंग), मणी फुगवतो. इथे त्यातलं फुगवणं काहीच नाही. मणी बारीक, साल जाड, आत बी. मण्यात रस कमी आणि साल जास्त असावी हीच तर धडपड असते, कारण रंग आणि वास सालीत असतो. मांडव नसतो, वेल तारांवर सरळ उभे भिंतीसारखे नेलेले असतात. एकरी चार-पाच टन निघाले तरी वाइनवाला खूश. आबा म्हणतील, एवढ्यात भागतं कसं? तो प्रश्न त्यांना विचारू द्या, मालकाकडून त्याचं उत्तर ऐकण्यासारखं असतं.

शिराज या लाल वाइनच्या द्राक्षाचा एक मणी तोडून त्यांना बोटांत चिरडायला सांगा. आतला रस पाण्यासारखा असतो. लाल वाइनचा लाल रंग म्हणजे सालीसकट आंबवल्याचा रंग. पांढरीला आधी रस काढून घेतात आणि नुसता रस आंबवतात.

टाक्यांजवळ गेलात की आबांना स्टीलवर हात ठेवायला सांगा. पांढऱ्या वाइनची टाकी 14-16 अंशांवर ठेवतो, बाहेरून घाम फुटलेला असतो. लालची टाकी 25-28 ला चालते, कोमट लागते. लाल आंबत असताना साली वर येऊन जाड थर धरतात आणि तो दिवसातून दोन-तीनदा खाली दाबावा लागतो. कुणी दाबत असेल तर थांबून बघा, त्या वासाची सर कुठल्या ग्लासाला येत नाही. पण उघड्या टाकीवर वाकू नका आणि कुणाला वाकू देऊ नका. आंबताना कार्बन डायऑक्साइड निघतो, एका श्वासात भोवळ येते.

थुंकण्याचं म्हणाल तर आम्ही टाकीवरची माणसं तोडणीच्या दिवसांत रोज पंधरा-वीस नमुने चाखतो आणि सगळे थुंकतो. नाही तर दुपारी कामाला उभं राहता येणार नाही. टेबलावर त्यासाठी भांडं ठेवलेलंच असतं. ग्लासात जेमतेम 30 मिली येते. आधी न हलवता वास घ्यायचा, मग ग्लास फिरवून पुन्हा. मग थोडी तोंडात घ्यायची, गालांत फिरवायची आणि थुंकायची. आबांना बीपीची वगैरे गोळी चालू असेल तर तेवढं डॉक्टरांना आधी विचारा.

आणि आईंची काळजी करू नका. वाइनचा मोठा भाग नाकातच कळतो. जिने आयुष्यभर फोडणीच्या वासावरून मीठ-तिखट ओळखलं तिचं नाक माझ्यापेक्षा तयार असणार. त्यांच्यापुढे ग्लास ठेवा आणि कसला वास येतो एवढंच विचारा. तिथला माणूस पॅशन फ्रूट, लिची म्हणेल. आपण करवंद, चिंच, गवती चहा म्हणायचं. तेही तितकंच खरं असतं.

गंगापूररोड

वरच्या दादांनी सगळं सांगितलंय, माझ्याकडून दोनच गोष्टी. आईंना त्या दिवशी मोगऱ्याचा गजरा नको, आबांना अत्तर नको. आमच्या सासूबाईंच्या गजऱ्यापुढे आम्हा चौघांना एकाही वाइनचा वास लागला नव्हता. आणि वाटेत मिसळ खायचा मोह आवरा. तिखटाने जीभ बधिर होते, नंतर सगळ्या वाइन सारख्याच लागतात. मिसळ येताना खा. गाडी न पिणाऱ्याने चालवायची हे वेगळं सांगायला नको.

काडी_ते_घड

ताई, मी तुम्हाला एकच प्रश्न देतो, तो तिथे विचाराच: ही द्राक्षं कुणाच्या रानातली आणि त्याला पैसे कधी मिळतात?

2001 मध्ये सरकारने वाइनचं धोरण आणलं तेव्हा आमच्या गावात सभा झाल्या. मी खायच्या थॉमसन द्राक्षाची तीन एकर बाग काढून कॅबर्ने हे लाल वाइनचं द्राक्ष लावलं. पहिली दोन वर्षं गाडी बांधावर यायची, चेक घरी यायचा. मग मंदी आली. 2009 च्या तोडणीला माझा माल 23 ब्रिक्सला (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप) तयार होता आणि कंपनीची गाडी आलीच नाही. बारीक, बियांचं द्राक्ष बाजारात कोण घेणार? बेदाणाही होत नाही त्याचा. घड वेलावरच सुरकुतले. आधीच्या वर्षाचे पैसे आजतागायत मिळालेले नाहीत. पुढच्या वर्षी जेसीबी लावून बाग काढली. ज्या हाताने काडी लावली त्याच हाताने तारा गोळा केल्या.

मी वाइनच्या विरोधात नाही. चांगली चाललेली, वेळेवर पैसे देणारी माणसं मी ओळखतो, आणि छोटा वाइनवाला शेतकऱ्याच्या डोळ्यासमोर राहतो म्हणून मला त्याचा भरवसा जास्त वाटतो. पण चाखायला जाणाऱ्याने हा प्रश्न विचारायला लागलं पाहिजे. आबा बागायतदार आहेत, त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल.

तासगावची_लेक

काल जाऊन आलो. सगळं लिहिते.

आबा सकाळी साडेसातला धोतर-टोपी घालून तयार. बागेत शिरल्यावर त्यांनी खिशातून स्वतःचं ब्रिक्स मीटर काढलं. तासगावहून आणलं होतं, मला पत्ताच नव्हता. वाइन करणारा मुलगा तिशीतला, तोही बघत राहिला. शिराजच्या वेलाचा मणी पिळून आबांनी मीटर उन्हाकडे धरलं. 19. मुलाने स्वतःच्या मीटरवर बघितलं, तेही 19. आबा म्हणाले, "बेदाण्याला आमी बावीसच्या वर गेल्याबिगार हात लावत न्हाई." मुलगा म्हणाला, "काका, हिला आम्हीसुद्धा 24 पर्यंत थांबणार."

मग आबांनी एक मणी तोंडात टाकला आणि बिया तळहातावर काढल्या. तीन निघाल्या, दोन हिरव्या, एक तपकिरी होत आलेली. हिरवी चावली आणि तोंड वाकडं केलं. "बी अजून कच्चं हाय." त्यावर तो मुलगा एकदम खुलला. म्हणाला, मीटर नुसती साखर सांगतं, आम्हीही रोज बीच चावून बघतो. तपकिरी होऊन भाजल्या शेंगदाण्यासारखी कडकन फुटली की तोडणी. तिथून पुढे तासभर ते दोघं आणि त्यांची बाग, मी आणि आई मागून चालत होतो. भुरी-डाउनीचे रोग, मण्यात पाणी उतरताना वेलाला पाण्याचा किती ताण द्यायचा, सगळं झालं. आबांच्या बोटांवर सालीचा जांभळा डाग संध्याकाळपर्यंत होता, तो त्यांनी धुतला नाही.

चाखायला लाकडी टेबल, आम्ही तिघं आणि तो. सॉव्हिन्यो ब्लाँ पहिली. आबांनी गालात फिरवली, भांड्यात थुंकली, आणि म्हणाले, "हे कवळं असताना तोडलंय." खरंच होतं, आंबटपणा टिकावा म्हणून मुद्दाम 21 ला तोडलेली. आईने नुसता वास घेतला आणि म्हणाली, ढोबळी मिरचीचा देठ मोडल्यासारखा येतोय. तो मुलगा खुर्चीतून उठला. या द्राक्षात आणि ढोबळीत वासाचं द्रव्य एकाच जातीचं असतं म्हणे. शेनिनला आई म्हणाली, डब्यात झाकून ठेवलेला पिकला पेरू. गेल्या वर्षीच्या शिराजला, मसाला कुटताना मिरी फुटते तो. त्याने तिन्ही वास वहीत लिहून घेतले, आईचं नाव घालून. आई घरी येईपर्यंत गप्प होती, रात्री भावाला फोन करून तिने सगळं पहिल्यापासून सांगितलं.

शेनिनचा अर्धा घोट आबांनी गिळला. मी काही बोलले नाही.

काडी_ते_घड दादा, तुमचा प्रश्न आबांनीच विचारला. निम्मी द्राक्षं घरची, निम्मी गावातल्या चार शेतकऱ्यांची. त्यातला एकजण तेव्हा क्रेट उतरवत होता, आबांनी त्याला बाजूला घेऊन विचारलं. ब्रिक्सवर दर ठरलाय आणि महिन्याच्या आत पैसे येतात असं तो म्हणाला. तुमच्या बागेचं आबांना मी वाचून दाखवलं होतं. ते ऐकून बराच वेळ काही बोलले नव्हते.

आता आबांचा प्रश्न, त्यांनी मुद्दाम टाकायला सांगितलाय. घरामागे आमचं दहा गुंठे रान मोकळं आहे. पाणी क्षाराचं आणि उन्हाळ्यात कमी. तिथे शिराज लावून बघायची म्हणतात. खुंट, म्हणजे ज्या मुळावर कलम बांधायचं तो, डॉगरिज घ्यावा की 110 आर?

काडी_ते_घड

आबांना नमस्कार सांगा. डॉगरिज क्षार सोसतो, पण वेलाला माजवतो, वाइनच्या द्राक्षाला तेवढा जोर नको. पाणी कमी असेल तर 110 आर बरा. आधी माती-पाणी तपासून घ्या, क्षार फार निघाले तर पुन्हा बोलू.

दहा गुंठे हौसेचे असतील तर बिनधास्त लावा. त्याहून जास्त लावायचं मनात असेल तर काडी आणण्याआधी घेणारा कोण ते कागदावर घ्या. दर किती, ब्रिक्सची अट काय आणि पैसे किती दिवसांत, हे तिन्ही त्यात आलं पाहिजे. माझ्याकडे यातलं एकच लिहून होतं.