आप्पांचा फवारणीचा शर्ट आई खुंटीवरून काढू देत नाही, घरात अकरा महिन्यांचं बाळ आहे, काय करू?

माहेरवाशीण_७७:

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

माझं माहेर तासगाव तालुक्यातलं, सासर साताऱ्याचं. मार्चमध्ये माझे वडील गेले. बेदाण्याचा माल अजून शेडवरच होता, सकाळी चहा प्यायला बसले आणि कप हातातच राहिला, अटॅक. तेव्हापासून मी बाळाला घेऊन अधूनमधून इथंच आहे, आता सलग दीड महिना झाला. दादा बाग बघतो, वहिनी घर, आणि आई नुसती बसलेली असते. रडत नाही, बोलत नाही, कुणी आलं की चहा टाकते आणि परत येऊन बसते.

आता मुद्द्याचं. आप्पांचा औषध मारायचा एक शर्ट आहे. फुल बाह्यांचा, मूळचा रंग कुठला ते देवाला माहीत, सगळ्यावर बोर्डोचे (मोरचूद-चुन्याच्या औषधाचे) निळे ठिपके, कॉलर गंधकानं पिवळी पडलेली. गेले त्याच्या आदल्या दिवशी काढून त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराशेजारच्या खुंटीला अडकवला तो अजून तिथंच आहे. आई कुणाला हात लावू देत नाही. संध्याकाळी दिवाबत्ती झाली की त्या शर्टाची बाही तोंडाशी धरून उभी राहते दोन मिनिटं. मी बघितलं की लगेच सोडते आणि काहीतरी काम असल्यासारखं करते. त्यांचा वास येतोय म्हणते. आणि खरं सांगू, मलापण येतो, आप्पा म्हणजे तोच वास, लहानपणी शाळेतून आल्यावर अंगाला मिठी मारली की असाच यायचा.

पण परवा बाळ दाराची चौकट धरून उभं राहिलं (आता धरून उभं राहतंय) आणि बाही ओढून सरळ तोंडात घातली. मी किंचाळलेच. तोंड धुतलं, दिवसभर बघत बसले, काही झालं नाही, पण रात्री मी शर्ट धुवायला बादलीत टाकला तर आईनं तसाच ओला उचलून परत खुंटीला लावला आणि म्हणली, "माणूस गेलं, आता वास बी घालवायचा हाय व्हय तुला?" चार महिन्यांत पहिल्यांदा एवढ्या मोठ्यानं बोलली ती.

दुसरं म्हणजे आप्पांच्या खोलीत कॉटखाली औषधांच्या चौदा-पंधरा बाटल्या आहेत, काही अर्ध्या, पावडरींच्या पुड्या फाटलेल्या, एका कोल्ड्रिंकच्या बाटलीत कसलंतरी पांढरं ओतून ठेवलंय. दादा म्हणतो बागेतल्या शेडमधनं चोऱ्या होतात म्हणून घरात, आप्पांच्या वेळेपासून असंच आहे, आपण मेलो का? आणि ट्रंकेत आप्पांची धोतरं आहेत डांबरगोळ्या घालून, त्यातलं एक काढून आई बाळाला दुपटं शिवणार म्हणतेय, ते मात्र मला मनापासून आवडलंय.

नवरा म्हणतो उठ आणि साताऱ्याला ये. आईला अशी टाकून कशी जाऊ सांगा.

—

औषधवाला_मिरज:

ताई, माझं कृषी सेवा केंद्र आहे, बावीस वर्षं हेच विकतोय म्हणून स्पष्ट बोलतो, राग मानू नका.

पहिलं ती कोल्ड्रिंकची बाटली. हे वाचून उठा आणि ती आधी हलवा, बाकीचं नंतर वाचा. आपल्याकडं जे अपघात होतात त्यात ही बाटली हमखास असते. पांढरं म्हणजे ताक वाटतं, दूध वाटतं, उन्हातनं आलेला गडीमाणूस तोंडाला लावतो. ओतून टाकू नका, मोरीत नाही, ओढ्यात तर नाहीच. टोपण घट्ट करा, वरनं दुसरी पिशवी, "विष" असं मोठ्या अक्षरात लिहा.

मग बाकीच्या बाटल्यांवरचा चौकोन बघा, त्यात खालच्या बाजूला रंग असतो. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, हिरवा त्यातल्या त्यात कमी. हिरवा म्हणजे पोरांनी खेळायचं असं नाही. हातात ग्लोव्हज घालून दादालाच काढू दे, तुम्ही बाळाच्या आई आहात, तुम्ही हात घालू नका. डायक्लोरव्हॉस नाव दिसलं तर ते २०२० च्या डिसेंबरअखेर बंद झालेलं औषध आहे, ट्रायझोफॉस आणि फोरेटपण त्याच यादीतलं. लोकांच्या घरात अजून निघतं, ढेकणाला मारायला ठेवलेलं असतं.

दादाला सांगा चोरीची भीती असेल तर शेडमध्ये पत्र्याची पेटी आणि कुलूप, हजार-दोन हजाराचं काम आहे, एका फवारणीचं बिल त्याच्या कितीतरी पट होतं. सील न फोडलेला, तारीख शिल्लक असलेला माल ज्या दुकानातनं घेतला तिथं विचारा, ओळखीवर घेतात परत. फुटलेला आम्ही घेत नाही, खोटं कशाला सांगू. त्याचं काय करायचं ते तालुका कृषी कार्यालयात विचारा, तोवर पेटीत कुलपात. रिकाम्या बाटल्या तीनदा विसळून ते पाणी पंपातच ओतायचं, आणि बाटलीला भोकं पाडायची, नाहीतर उद्या त्यात कुणीतरी गोडंतेल भरतंय. जाळायच्या तर अजिबात नाहीत, तो धूर वाईट.

आणि "आपण मेलो का" याचं उत्तर दादाला द्या की ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षवेलीच्या डोळ्यांना फुटीची पेस्ट लावली की त्या दिवशी गडी दारूला शिवत नाहीत का? का शिवत नाहीत? कारण एकदा बघितलंय त्यांनी काय होतं ते, तोंड लालभडक, छाती धडधड, सलाइन. तेवढं कळतं ना, मग हेपण कळेल.

—

सात्विक_घर:

ताई शर्ट खाली उतरवून गोमूत्र शिंपडा, रोज संध्याकाळी कापूर आणि धूप करा घरभर, सगळी विषारी हवा निघून जाते. आमच्याकडं रोज करतो.

—

सिस्टर_सांगली:

वरच्यांना हात जोडून विनंती, ज्या घरात तान्हं बाळ आहे तिथं रोज बंद खोलीत धूर करू नका. विषारी हवा धुरानं निघत नाही, खिडकी उघडल्यानं निघते. आणि कापराच्या वड्या देवघरात खालच्या फळीवर ठेवायच्या नाहीत, पोरानं एखादी गिळली तर झटके येतात, लय लोकांना माहीत नसतं हे.

माहेरवाशीणताई, मी नर्स आहे, सतरा वर्षं झाली. तुमचं बाळ ठीक आहे असं वाचून वाटतंय, पण परत असं झालं तर काय बघायचं सांगते. लाळ गळणं, खूप घाम, उलटी, जुलाब, डोळ्याची बाहुली टाचणीएवढी बारीक होणं, श्वासाला घरघर, एकदम मलूल पडणं. यातलं काही दिसलं तर घरी उलटी काढत बसायचं नाही, मीठपाणी पाजायचं नाही, १०८ लावायचा आणि ती बाटली किंवा निदान लेबलचा फोटो सोबत घ्यायचा, नाव कळलं की डॉक्टरांचा वेळ वाचतो. दिल्लीच्या एम्सची विषबाधेची हेल्पलाइन आहे, १८०० ११६ ११७, चोवीस तास चालू असते, फ्रीजवर लिहून ठेवा.

शर्टाचं म्हणाल तर फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत भिजवायचे नसतात. वेगळी बादली, हातात ग्लोव्हज, कडक पाणी, भरपूर पावडर, दोनदा धुवायचा, ते पाणी आडाजवळ ओतायचं नाही, आणि उन्हात वाळवायचा. (आता या पावसात ऊन कुठलं आणायचं ते मला विचारू नका, आमच्यात चार दिवस चादरी वाळंनात.) पण पाण्यात न मिसळलेलं, नुसतं बाटलीतलं औषध जर त्यावर सांडलेलं असेल तर कितीही धुवा ते जात नाही, तो शर्ट टाकायचाच असतो.

दुपट्याचं वाचून मलापण बरं वाटलं, पण थांबा जरा. डांबरगोळ्यांतलं जे औषध असतं त्यानं काही बाळांचं रक्त फुटतं, कावीळ होते. जी-सिक्स-पीडी नावाची कमतरता असलेल्या बाळांना जास्त धोका, आणि ती आहे का नाही हे टेस्ट केल्याशिवाय कळत नाही. नुसत्या त्या कपड्यात गुंडाळल्यानंसुद्धा होतं. धोतर आधी बाहेर वाऱ्यावर आठ-दहा दिवस टाका, दोन-तीनदा धुवा, वास पूर्ण गेला की मग आईंना शिवू द्या. ट्रंकेत गोळ्यांच्या जागी कडुनिंबाचा वाळलेला पाला.

आता एक लिहू का नको असं करत होते, पण लिहिते. ज्या घरात नुकतं कुणी गेलंय आणि मागं राहिलेलं माणूस बोलत नाही, जेवत नाही, तिथं कॉटखाली औषध ठेवू नये. बाळामुळं तर नाहीच, पण आईसाठीसुद्धा. मी वॉर्डात काय बघितलंय ते इथं लिहीत नाही. तुमच्या आई तशा आहेत असं माझं म्हणणं नाही. पण जेवण, झोप कशी आहे बघा, आणि सरळ विचारा की आई, जीव नको झालाय का गं? विचारल्यानं डोक्यात नसलेलं येत नाही, उलट माणूस मोकळं होतं. १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे, सरकारी, फुकट, मराठीत बोलतात. आई नाही बोलल्या तर तुम्ही बोला, तुमचेपण वडीलच गेलेत.

—

कृष्णाकाठची:

पोरी, मी सांगलीची, वय एकसष्ट. बाकीचं या लोकांनी बरोबर सांगितलंय, मला औषधातलं काही कळत नाही. मी फक्त शर्टाचं सांगते.

आमचे हे २०१७ साली गेले. त्यांचं सगळं मी कपाटात तसंच ठेवलेलं, चष्मा, घड्याळ, बँकेची पासबुकं, बनियन सुद्धा. लेक म्हणायचा आई काढ आता, मी म्हणायची बघू. मग २०१९ चा महापूर आला. आयर्विन पुलाजवळ पाणी सत्तावन फुटाच्या वर गेलेलं, पंचेचाळीसला धोक्याची पातळी असते, म्हणजे तुम्हीच बघा. आम्ही नेसत्या कपड्यानिशी बाहेर पडलो, बोटीतनं. परत आल्यावर कपाट उघडंना, फुगलेलं, लेकानं पहारीनं काढलं तर आत नुसता चिखल आणि तो वास, तो कधी जायचा नाही माझ्या नाकातनं. सगळं घंटागाडीत गेलं. त्या दिवशी मी जेवढी रडले तेवढी ते गेले तेव्हा रडले नव्हते.

म्हणून सांगते, काढायचा तर काढा, बाळ आहे म्हणल्यावर काढायलाच पाहिजे, पण आई झोपल्यावर गुपचूप काढू नका आणि "तुझ्या बऱ्यासाठी" असं तर बोलूच नका. पुरानं मला विचारलं नव्हतं. तुम्ही विचारा. कुठं ठेवायचा ते तिला ठरवू द्या.

माझ्याकडं त्यांच्या डब्याचं एक झाकण राहिलंय फक्त, ते वर माळ्यावर होतं म्हणून. पोहे झाकायला वापरते.

—

बागायतदार_क:

सिस्टर आणि औषधवाले भाऊ दोघांना मानलं. कालच आमच्या कॉटखालचा माल हलवला, बायको दहा वर्षं सांगत होती.

—

माहेरवाशीण_७७:

सगळ्यांचे आभार, उत्तर द्यायला आठवडा गेला, बाळाला सर्दी होती.

कोल्ड्रिंकची बाटली त्याच रात्री दादानं हलवली, काही बोलला नाही, पण दुसऱ्या दिवशी तासगावातनं पत्र्याची पेटी घेऊन आला. पेस्टचा मुद्दा ऐकून हसला आणि मग गप्प बसला. कॉटखाली फरशीवर दोन ठिकाणी डाग होते, तिथं माती टाकून ती भरून घेतली आणि साबणानं तीनदा पुसलं, तरी बाळाला त्या खोलीत सोडत नाही मी.

सिस्टर, तुम्ही सांगितलं तसं आईला विचारलं. विचारताना माझेच हातपाय कापत होते. ती म्हणली, "न्हाई गं, तसलं काय न्हाई. नुसतं संध्याकाळचं कळंना होतं, कुणासाठी भाकरी टाकायची." मग बराच वेळ बोलली. आप्पा भाकरी कशी करपलेलीच मागायचे ते सांगत होती. १४४१६ ला ती नको म्हणली, मी लावला, अर्धा तास बोलले, बरं वाटलं.

आणि शर्ट. कृष्णाकाठच्या मावशी, तुमचं मी आईला वाचून दाखवलं, झाकणाचं ऐकून तिनं डोळ्याला पदर लावला. मी म्हणलं आई, हा वास औषधाचा आहे गं. तर माझ्याकडं अशी बघितली जशी मीच लहान आहे आणि म्हणली, "मला म्हाईत न्हाई व्हय? तीस वर्सं हा वास म्या धुतलाय, ह्या हातानं. पंचमीला सुदिक हातावर मेंदी चढायची न्हाई." ते मला माहीत नव्हतं. म्हणजे हात बघितलेत तिचे, पण असं कधी विचारलं नव्हतं. तिची एकदा तपासणी करून घ्यायला पाहिजे, त्वचेच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय.

परवा सकाळी तिनं स्वतःच शर्ट काढला, खताच्या रिकाम्या पिशवीत घातला आणि दादाच्या गाडीवर मागं बसली. मार्चपासून ती बागेत गेली नव्हती. शेडमध्ये पेटीच्या वर खिळा आहे, तिथं अडकवलाय म्हणे. दादा सांगत होता, नंतर तासभर बागेत फिरली आणि चार ओळी बघून म्हणली, काडी अजून हिरवीच हाय, पाणी जास्त देतोयस तू.

धोतर दोरीवर आहे, पाऊस आला की आत, उघडला की बाहेर. वास अजून येतोय थोडा.

औषधवाले भाऊ, दोन बाटल्यांवर लेबलच नाही, एक निळसर आणि एक घट्ट तपकिरी. उघडलेल्या नाहीत. फोटो टाकते उद्या, बघून सांगा काय करायचं.