मदत हवी आहे: भावाला रेफ्रीला शिवी दिल्याबद्दल रेड कार्ड, परवा सुनावणी

दुसरी_रांग
धाकट्या भावाला शनिवारी रग्बीच्या सामन्यात रेड कार्ड मिळालं. परवा संध्याकाळी सुनावणी आहे. तो रेफ्रीला बोललाच नव्हता, आपल्याच प्रॉपवर (पुढच्या रांगेत शेजारी खेळणाऱ्यावर) भडकला होता. सुनावणीत काय मांडायचं? व्हिडिओ आहे, आवाज नाही. प्लीज लवकर सांगा.

शिट्टीवाला
शब्द काय होते? वय? कॅप्टन आहे का? आधी कधी कार्ड मिळालंय? रेफ्रीचा रिपोर्ट वाचलात का? एवढं कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

दुसरी_रांग
शब्द इथे लिहिता येणार नाहीत. 'लबाड' आणि त्याच्या आधी एक शिवी. वय १९, हूकर (पुढच्या रांगेत मधला), कॅप्टन नाही. तिसऱ्यांदा स्क्रम (दोन्ही संघ वाकून एकमेकांना ढकलतात ती रचना) कोसळला, पेनल्टी आमच्याविरुद्ध गेली आणि तोंडून निघून गेलं. याने काय फरक पडतो?

रकमध्ये_अडकलो
खूप पडतो! २०१३ची इंग्लंडच्या प्रीमियरशिपची फायनल आठवा. नॉर्दॅम्प्टनचा कॅप्टन डिलन हार्टली, तोही हूकर. रेफ्री वेन बार्न्सला शिवी देऊन 'लबाड' म्हणाला म्हणून हाफटाइमच्या तोंडावर बाहेर. मी समोरच्या संघातल्या टॉम यंग्जला बोललो, असं त्यानेही सांगितलं होतं. कोणी ऐकलं नाही. ११ आठवडे बंदी आणि ब्रिटिश-आयरिश लायन्स संघाचा ऑस्ट्रेलिया दौरा हातचा गेला. तुमचा बचाव जवळपास तोच आहे.

प्रॉप_काका
मैदानात डोकं तापतंच. आमच्या वेळी रेफ्री कानाआड करायचे. सरळ अपील ठोका.

शिट्टीवाला
काका, अपील निकालानंतर असतं, अजून सुनावणीच व्हायचीय. आणि कानाआड का करायचं? २०२३ची वर्ल्डकप फायनल केल्यावर याच बार्न्सला आणि त्याच्या घरच्यांना ऑनलाइन धमक्या आल्या. मी स्वतः शनिवार-रविवार शिट्टी वाजवतो. माझ्याबरोबर सुरुवात केलेले दोघं शिव्या खाऊन सोडून गेले.

प्रॉप_काका
धमकी वेगळी, रागाच्या भरात गेलेला शब्द वेगळा.

शिट्टीवाला
वर्ल्ड रग्बी या जागतिक संघटनेच्या शिक्षांच्या तक्त्यातही वेगळेच आहेत. शिवीगाळ खालच्या श्रेणीत ६ आठवडे, मधल्या १२, वरच्या १८ पासून पुढे, कमाल ५२. धमकीला सुरुवातच १२ पासून. पण ६ म्हणजे काही किरकोळ नाही.

मिडफिल्डर
अवांतर: रग्बीत वाद घातला की पेनल्टी दहा मीटर पुढे, तसाच नियम फुटबॉलनेही फ्री किकसाठी करून पाहिला होता. का सोडला कुणास ठाऊक. फुटबॉलमध्ये तो परत आणायला हवा.

रकमध्ये_अडकलो
+१, पण त्यासाठी वेगळा धागा काढा. इथे परवा सुनावणी आहे.

माजी_कॅप्टन
मी अशा सुनावणीला खेळाडूबरोबर बसलोय. चूक कबूल केली, रेकॉर्ड स्वच्छ असलं, वय कमी असलं, तिथे नीट वागला आणि पश्चात्ताप खरा दिसला, तर शिक्षा निम्म्यापर्यंत उतरू शकते. नाकबूल करून हरलात तर त्यातली बरीचशी सूट हातची जाते. पण बोललाच नसेल तर खोटं कबूल करू नका. म्हणून परत विचारतो, रिपोर्टमध्ये काय आहे?

दुसरी_रांग
आत्ता वाचला. लिहिलंय, 'खेळाडूने तोंडातला माउथगार्ड काढून हातात घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि मग बोलला.' व्हिडिओ परत लावला. हात तोंडाकडे जातो, मान वळते. प्रॉप त्याच्या मागे उभा आहे.

शिट्टीवाला
म्हणजे ज्याच्यावर भडकला तो पाठीमागे आणि तोंड रेफ्रीकडे. पॅनलही हाच व्हिडिओ बघणार.

माजी_कॅप्टन
भावाला समोर बसवून व्हिडिओ दाखवा आणि एकदाच विचारा. हो म्हणाला तर कबुली आजच कळवा, परवाची वाट बघू नका. माफी त्याने स्वतःच्या शब्दांत लिहावी, तुम्ही लिहून देऊ नका.

दुसरी_रांग
विचारलं. बराच वेळ गप्प होता, मग मान हलवली. लिहायला बसलाय. कबुली कळवताना फक्त चूक मान्य आहे एवढंच लिहायचं की सगळा प्रसंग लिहायचा?