टर्बो गाडी बंद करण्याआधी
टर्बो गाडी दर वेळी तीन मिनिटं आयडलवर (उभ्या गाडीत इंजिन नुसतं चालू) ठेवूनच बंद करायची का, असं तुम्ही विचारलंय. दर वेळी नाही, पण त्यामागचं कारण मात्र खरं आहे. टर्बो म्हणजे इंजिनातून निघणाऱ्या गरम वायूंवर फिरून इंजिनात जास्त हवा ढकलणारं यंत्र. त्याचा शाफ्ट (मधला दांडा) मिनिटाला १ लाखाहून जास्त फेरे घेऊ शकतो आणि तो तोललेला असतो इंजिन ऑइलच्या, म्हणजे तेलाच्या, पातळ थरावर. इंजिन बंद केलं की तेलाचा पंप थांबतो. टर्बाइनच्या (गरम वायूंनी फिरणाऱ्या चाकाच्या) बाजूचं लोखंड तेव्हाही तापलेलंच असतं. ती उष्णता शाफ्टला आधार देणाऱ्या बेअरिंगकडे सरकते, तिथं अडकलेलं तेल करपतं आणि त्याचा काळा थर धरतो. हळूहळू तेलाच्या वाटा बुजतात.

गर्दीतून सावकाश आला असाल तर सरळ बंद करा. मोठा चढ चढून किंवा हायवेवर दामटून लगेच थांबत असाल तर मिनिटभर आयडल पुरे. त्याहून चांगलं म्हणजे शेवटचे दोन-तीन किलोमीटर हलक्या पायाने चालवणं.

हल्लीच्या बऱ्याच टर्बोंना पाण्याचं कूलिंग असतं, काहींत गाडी बंद केल्यावरही इलेक्ट्रिक पंप चालू राहतो. (तो आवाज आला तर घाबरू नका.) माझ्या मते तेलाकडे याहून जास्त लक्ष द्या: कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच आणि वेळेवर बदललेलं.