‘हेसेद’ म्हणजे केवळ दया नव्हे

बायबलातल्या ‘हेसेद’ या हिब्रू शब्दासाठी इंग्रजीतला ‘मर्सी’ (दया) पुरेसा आहे, असे म्हटले जाते. ते मला पटत नाही. दया वरचा खालच्यावर करतो. बायबलातल्या रूथच्या पुस्तकात मात्र पहिल्याच अध्यायात नामी आपल्या विधवा सुनांना निरोप देताना म्हणते, की तुम्ही मृतांशी आणि माझ्याशी जसे हेसेदने वागलात, तसेच परमेश्वर तुमच्याशी वागो. मेलेल्या नवऱ्यावर कोणी दया करत नाही. त्याच्याशी जोडलेले नाते, तोडायची पूर्ण मुभा असतानाही, निभावले जाते. माया आणि इमान या दोन्ही गोष्टी त्या एका शब्दात एकजीव झालेल्या आहेत. ही अडचण ओळखूनच भाषांतरकार माइल्स कव्हरडेल याने १५३५ च्या इंग्रजी बायबलात ‘लव्हिंगकाइंडनेस’ (प्रेमळ दयाळूपणा) हा जोडशब्द घडवला. पुढच्या काही भाषांतरांनी ‘स्टेडफास्ट लव्ह’ (अढळ प्रेम) पत्करले, आणि त्यात निदान टिकून राहण्याचा भाव तरी आला. स्तोत्र १३६ मध्ये हा शब्द सर्व २६ वचनांच्या शेवटी पालुपदात येतो, तिथे मराठीत ‘त्याची दया सनातन आहे’ असे वाचताना मला दरवेळी काहीतरी निसटल्यासारखे वाटते. ‘जिव्हाळा’ जवळचा आहे, पण त्यात बांधिलकी नाही.