ख्रिस्ती मराठीतली ‘सेवा’: व्यासपीठावरची की पंगतीतली?

मुद्रितशोधक:
एका ख्रिस्ती मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, स्मरणिकेची मुद्रितं तपासतोय. दर दोन पानांआड ‘सेवा’ येते आणि दर वेळी अर्थ निराळा वाटतो. ‘अमुक गृहस्थ बरीच वर्षे सेवेत आहेत’ असं आलं तेव्हा मी समासात लिहिलं, ‘कुठल्या खात्यात?’ संपादक हसले. ‘सेवेत’ म्हणजे ते उपदेश करतात, पाळक (चर्चचे धर्मगुरू) आहेत. पुढे एका बाईंबद्दल एवढंच की त्या ‘मंडळीला नेहमी मदत करीत’. मदत कसली, तर उपासना संपली की सतरंज्या गुंडाळायच्या, प्रभुभोजनाचे (उपासनेतल्या भाकर-द्राक्षारसाच्या विधीचे) ते अंगठ्याएवढे पेले एकेक करून धुवायचे, पुसायचे, तबकाच्या भोकांत परत बसवायचे आणि आजाऱ्याच्या घरी डबा पोचवायचा. आमच्याकडे असल्या कामाला सेवा म्हणतात आणि प्रवचनाला प्रवचन. इथे उलटं कसं झालं? आणि ‘लीन’, ‘नम्र’, ‘सौम्य’, ‘दीन’ यांत तुम्ही लोक फरक करता का?

नगरकर:
उलटं झालंय खरं, आणि गंमत म्हणजे मूळ शब्द पंगतीतलाच आहे. बायबलच्या नव्या करारातला ग्रीक शब्द ‘दियाकोनिया’. रोजच्या व्यवहारात त्याचा अर्थ जेवायला बसलेल्यांना वाढणं, हवं-नको बघणं. ‘दियाकोनोस’ म्हणजे आपल्या भाषेत वाढपी.

नव्या करारातलं ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक, सहावा अध्याय काढा. यरुशलेमात ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जातंय अशी कुरकुर सुरू झाली. बारा प्रेषित, म्हणजे येशूचे प्रमुख शिष्य, म्हणाले, देवाचं वचन सोडून आम्ही पंक्तिसेवा करावी हे ठीक नाही. त्यासाठी सात जण निवडा, आम्ही प्रार्थनेत आणि वचनाच्या सेवेत राहू. मराठीत ‘वाटणी’, ‘पंक्तिसेवा’, ‘वचनाची सेवा’ असे तीन वेगळे शब्द दिसतात. ग्रीकमध्ये तिन्ही ठिकाणी तोच धातू! म्हणजे ताटात भाकर वाढणं आणि वचन वाढणं यांना लेखकाने एकच शब्द लावलाय. आणि त्या सातांतला पहिला, स्तेफन, पुढच्याच अध्यायात सगळ्या न्यायसभेपुढे लांबलचक भाषण करतो. वाढपी म्हणून नेमलेला माणूस बोलायला उभा राहिला तर कोणी अडवलं नाही.

काना गावचं लग्न घ्या, जिथे येशूने पाण्याचा द्राक्षारस केला. तिथे रांजण भरणाऱ्यांनाही हाच शब्द आहे, मराठीत ‘चाकर’ केलाय. द्राक्षारस कुठून आला हे भोजनकारभाऱ्याला कळलं नाही, पाणी काढणाऱ्या चाकरांना ठाऊक होतं, असं शुभवर्तमान लिहिणारा योहान मुद्दाम सांगतो.

आता ‘दास’. मार्काच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात येशूने सांगितलेल्या दोन पायऱ्या आहेत: मोठं व्हायचं असेल तर सेवक व्हा, पहिलं व्हायचं असेल तर सर्वांचा दास व्हा. पहिला दियाकोनोस, दुसरा ‘दूलोस’. दूलोस म्हणजे गुलाम, धन्याच्या मालकीचा. मराठीत रामदास, तुळशीदास म्हणून म्हणून ‘दास’ इतका गोड झालाय की तो बोचतच नाही. हल्ली तर सभेच्या फ्लेक्सवर पाळकाचा हसरा फोटो असतो आणि खाली ठळक अक्षरांत ‘देवाचे दास’. ती पदवी झाली! तिथे ‘देवाचे गुलाम’ छापून बघा, फोटोवाले स्वतःच फ्लेक्स उतरवतील.

वसईची:
तुमच्या सतरंज्यांवरून आठवलं. आम्हा कॅथलिकांकडे पवित्र गुरुवारी (गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी) संध्याकाळच्या मिस्सात, म्हणजे उपासनेत, पाय धुण्याचा विधी असतो; शेवटच्या भोजनाच्या वेळी येशूने शिष्यांचे पाय धुतले त्याची ती आठवण. बारा जण खुर्च्यांवर बसतात, फादर वरचा झगा उतरवून कमरेला टॉवेल बांधतात, एक मुलगा तांब्या धरतो, दुसरा परात. पण बसणारे सगळे घरून पाय घासून, साबण लावून, कोरे मोजे घालून आलेले असतात. धुण्यासारखं काही उरलेलंच नसतं. पूर्वी हे बारा जण पुरुषच असायचे. २०१३ साली पोप फ्रान्सिस यांनी रोममधल्या अल्पवयीनांच्या कारागृहात जाऊन मुलामुलींचे पाय धुतले, त्यांत मुसलमानही होते. २०१६ मध्ये नियमच बदलला, आता स्त्रियाही बसू शकतात.

मराठी माणसाला हा प्रसंग कळायला टीपा लागत नाहीत. पाहुण्याला पाय धुवायला पाणी देणं, गुरूची पाद्यपूजा, जावयाचे पाय, सगळं घरचं आहे. फक्त दिशा नेहमी खालून वर. तिथे गुरूच खाली बसला, म्हणून पेत्र हा शिष्य चवताळला: माझे पाय तुम्ही कधीच धुवायचे नाहीत. त्याच पेत्राच्या नावाच्या पत्रात पुढे ‘नम्रता कमरेला बांधा’ असं येतं. बांधायची वस्तू! मला तो टॉवेलच दिसतो.

भाषाप्रेमी:
यात परकं काय आहे? राजसूय यज्ञात कृष्णाने उष्टी काढली, पैठणला नाथांच्या घरी श्रीखंड्या कावडीने पाणी भरत होता. ‘लहानपण देगा देवा’ तर शाळेतच पाठ होतं. आपल्याकडे ‘लहानपण’ हा नम्रतेसाठी सगळ्यात चांगला शब्द आहे, बायबलवाल्यांनी तो का घेतला नाही कोण जाणे.

लीन आणि नम्र वेगळेच. नम्र ‘नम्’वरून, म्हणजे वाकलेला. वाकणं बाहेरून दिसतं आणि दिखाऊही असू शकतं. लीन ‘ली’वरून, चिकटलेला, विरघळलेला. हिंदीत लीन म्हणजे नुसता मग्न. नम्र हा अर्थ मराठीने दिला.

नगरकर:
मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात येशू स्वतःबद्दल म्हणतो, ‘मनाचा सौम्य व लीन’. सौम्य म्हणजे अंगावर न येणारा. दीन वेगळा, तो येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाच्या पहिल्याच ओळीत येतो. त्याच्याकडे मिरवायला काही नाही. लीन ज्या शब्दासाठी आला तो ‘तापेइनॉस’, आणि ग्रीक समाजात ती जवळजवळ शिवी होती: हलका, खालच्या थरातला. तो सद्गुण म्हणून घेणं ऐकणाऱ्यांना चमत्कारिक वाटलं असणार. ‘लीन’मध्ये तो धक्का शिल्लक नाही.

पण मूळ प्रश्न राहिला, उलटं का झालं. माझं मत सांगतो, पटेल न पटेल. नगर, जालना या भागांतली बरीच ख्रिस्ती घरं महार-मांग समाजांतून आलेली. गाव झाडणं, मेलेली जनावरं ओढणं, वेठबिगार ही कामं त्यांच्यावर पिढ्यान्‌पिढ्या लादलेली होती. त्यांना मिशनच्या शाळेने पाटी दिली, मंडळीने व्यासपीठ दिलं. मग त्यांनी ‘सेवा’ हा मानाचा शब्द झाडूला न लावता व्यासपीठाला लावला, यात नवल काय? केरसुणीतून सुटका झालेल्याला ‘केर काढणं हीच खरी सेवा’ असं कोणी आरामखुर्चीतून सांगू नये. पाय धुण्याच्या प्रसंगातही तेच आहे. ‘तुम्ही मला गुरू आणि प्रभू म्हणता ते ठीकच’ असं आधी म्हणून मग येशू सांगतो, तुम्हीही एकमेकांचे धुवा. ज्याच्यावर ते काम लादलेलं नव्हतं त्याने ते उचललं.

म्हणून मला केडगावचं उदाहरण मोठं वाटतं. पंडिता रमाबाई जन्माने ब्राह्मण, संस्कृतात वाद घालणाऱ्या. त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून आणलेल्या मुली दळण, विणकाम, शेती, छपाई सगळं शिकल्या. बाईंनी हिब्रू-ग्रीकवरून केलेलं मराठी बायबल त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये निघालं. छपाईचे खिळे (शिशाची अक्षरं) जुळवणाऱ्या, छापणाऱ्या बायका तिथल्याच. खिळे जुळवणं ही वचनाची सेवा की पंक्तिसेवा, सांगा बरं.

वसईची:
नगरकर, केरसुणीचं पटलं. पण आमच्याकडे वेदीची फुलं, फरशी पुसणं, झग्यांना इस्त्री करणं बहुतेक बायकांकडेच असतं आणि त्यांना कोणी व्यासपीठ दिलेलं नाही. प्रेषित पौल रोमकरांच्या पत्रात फीबी नावाच्या बाईला किंख्रिया गावच्या मंडळीची दियाकोनोस म्हणतो. पुरुषाला तोच शब्द असला की भाषांतरकारांना पद सुचतं, तिला मात्र नुसती ‘सेविका’.

मुद्रितशोधक:
सगळ्यांचे आभार. संपादकांशी बोललो. ‘सेवेत आहेत’ तसंच ठेवायचं, सगळी मंडळी तसंच बोलते, आणि ते बरोबरच आहे. बाईंच्या परिच्छेदातली ‘मदत’ मात्र काढली. आता वाक्य असं: ‘प्रभुभोजनाचे पेले धुण्यापासून आजाऱ्यांना डबा पोचवण्यापर्यंत सर्व पंक्तिसेवा त्यांनी केली.’ संपादक म्हणतात ‘पंक्तीसेवा’, दीर्घ. कोणतं ठेवू?

भाषाप्रेमी:
ऱ्हस्वच. सुटा शब्द मराठीत ‘पंक्ती’, पण संस्कृतात ‘पंक्ति’. तत्सम ऱ्हस्व पूर्वपद समासात ऱ्हस्वच राहतं: कविराज, बुद्धिबळ, पंक्तिसेवा.